सत्त्याण्णव टक्के पिसाळलेला बैल

शेणव्याच्या गुरांच्या दवाखान्यात संगणक आला आणि मी त्याचा ऑपरेटर झालो. म्हणजे पंचक्रोशीतला सर्वात मोठा मूर्ख, फक्त पगारी. त्यातला प्रोग्राम म्हणे गुरांचे रोग ओळखायचा. मी पडद्यावरचे प्रश्न वाचायचे, लोकांची उत्तरं भरायची आणि प्रत्येक उत्तरावर विश्वास किती, तो आकडा घालायचा. तो बनवणाऱ्या साहेबांनी गूर बहुधा दुधाच्या पिशवीवरच पाहिलं असावं.

मे संपता संपता एक म्हातारा बैल घेऊन आला. सोबत पाड्यावरचे चौघे. बैलाच्या तोंडातून लाळ गळत होती, पोट फुगत चाललं होतं. डॉक्टर गेले होते ठाण्याला, याच संगणकाच्या प्रशिक्षणाला.

"आंब्याची कोय अडकलेय," म्हातारा म्हणाला. "हात घालून काढतो."

"थांबा बाबा, आधी प्रश्न," मी ऐटीत म्हणालो आणि वाचलं, "पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं का?"

चौघांतला एक म्हणाला, "चावला आसंल." बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. आमच्याकडे सरकारी टेबलापुढे आपल्या माणसाचा शब्द कुणी खोडत नाही. घरी जाऊन हवं तर भांडतात. मला हे लहानपणापासून माहीत होतं. तरी मी चौघांचा होकार चार वेळा वेगवेगळा भरला, प्रत्येकावर विश्वास साठ टक्के. यंत्राने त्यांना चार स्वतंत्र पुरावे धरलं आणि खात्री चढत गेली: साठ, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव, सत्त्याण्णव. कोय म्हणणारा एकटाच, म्हणून ती साठावरच राहिली.

रेबीज, सत्त्याण्णव टक्के. तोंडात हात घालू नये, जनावर लांब बांधावे.

म्हातारा तरीही बाही सारून पुढे झाला. मीच त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "नांगराला दुसरा नाय रे माझ्याकडं," तो सांगत राहिला. दिवस मावळायच्या आत बैल मेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घसा उघडला. कोय निघाली. वरून कळवलं, माहिती भरणाऱ्याची चूक असावी. लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला.

मी पाड्यावर गेलो, कुत्रं नक्की कुणी पाहिलं ते विचारायला. तिघांनी पहिल्याकडे बोट दाखवलं. तो म्हाताऱ्याच्या जोडीने कुदळीने शेत खणत होता.

"मी कुठं पायला?" तो म्हणाला. "तुमीच इचारलात ना, कुत्रा चावला का म्हणून? मला वाटला, त्या मशिनला कायतरी म्हायती आसंल."