पेपर पूर्ण लिहू द्या तिले

नोकरीतले खून, दरोडे, दंगली आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे विचारले तर सांगता येणार नाही. त्या दोन बहिणींचे प्रकरण मात्र जसेच्या तसे डोळ्यांसमोर येते. पोलिसी हिशेबाने ते किरकोळच होते. वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या नाहीत.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी नागपूरच्या पश्चिम भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. मे महिन्यातला रविवार. आठवडाभर मोर्चांचा बंदोबस्त करून अंगात त्राण उरले नव्हते. ठाण्यातल्या कूलरमधले पाणी संपले होते आणि तो नुसती गरम हवा फेकत होता. ठाणे अंमलदार एका भांडणाची तक्रार लिहून घेत होता, म्हणून वाजलेला फोन मीच उचलला.

पलीकडे एका मुलीचा आवाज होता. "धरमपेठेतल्या शाळेत मेडिकलच्या प्रवेशाचा पेपर सुरू आहे जी. तिथं एक मुलगी दुसरीच्या नावावर बसली आहे." तिने बैठक क्रमांक सांगितला.

"तुम्ही कोण बोलता?"

"ते राहू द्या. पण साहेब, तिले मधातून उठवू नका. पेपर पूर्ण लिहू द्या तिले."

फोन बंद झाला.

निनावी खबर देणाऱ्याच्या पोटात बहुधा जुना राग असतो. समोरच्याची चारचौघांत फजिती व्हावी, अशी त्याची इच्छा असते. ही मुलगी मात्र पोलिसांना बोलावत होती आणि वर थोडे थांबा म्हणत होती. कोणीतरी थट्टा करत असावे, असे वाटले. तरी स्टेशन डायरीत नोंद केली, एक महिला शिपाई सोबत घेतली आणि निघालो.

त्या काळी आपल्याकडे मेडिकलचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असे. राज्याबाहेरच्या काही संस्था मात्र स्वतःची परीक्षा घेत. बारावीत थोडक्यात हुकलेल्या मुलांना तेवढेच एक दार उघडे असायचे. त्यामुळे शाळेच्या फाटकाबाहेर आईबाप भर उन्हात, डोक्यावर दुपट्टे घेऊन उभे होते.

केंद्रप्रमुखांनी प्रवेशपत्रावरचा फोटो मला दाखवला. खिडकीतून त्या क्रमांकावरच्या मुलीकडे पाहिले, चेहरा बराच जुळत होता. ते लगेच मुलीला उठवायला निघाले. मी त्यांना थांबवले. खोलीभर मुले पेपर सोडवत होती. एकीसाठी सगळ्यांचा वेळ मोडण्यात अर्थ नव्हता. फोनवरचे ते वाक्यही कानातून जात नव्हते, हे खरे.

व्हरांड्यातून मी तिच्याकडे पाहत राहिलो. बाकीची मुले घामाघूम झाली होती, सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे माना वर करत होती. हिने मनगटावरचे घड्याळ काढून समोर ठेवले होते. मधली पाने उलटून ती शेवटाकडून लिहीत होती. एखादा प्रश्न वाचून बाजूला खूण करायची आणि पुढे जायची. घंटा होण्याआधी ती त्या खुणा केलेल्या प्रश्नांकडे परत आली. घंटा झाली तेव्हा तिने पेन खाली ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

मुख्याध्यापकांच्या खोलीत चौकशी सुरू केली. नाव, जन्मतारीख, शाळा, बारावीचे गुण, सगळी उत्तरे विनाअडथळा आली. मग मी सहज विचारले, "पेपर कसा गेला?"

तिचा चेहरा एकदम उजळला. "चांगला गेला जी. जीवशास्त्र आधी संपवायचं, त्याले वेळ कमी लागते. मग रसायन. फिजिक्स सगळ्यात शेवटी. अडलं की सोडून पुढं जायचं. अडून बसलं की येणारे प्रश्नही हातचे जातात."

पहिल्यांदा परीक्षा देऊन आलेली मुलगी असे बोलत नाही. ती वर्गात शिकवल्यासारखी बोलत होती.

"घरी कोण कोण असतं?"

"आई, बाबा, मोठी बहीण."

"बहीण काय करते?"

इथे ती पहिल्यांदा अडखळली. खोटे बोलणारा माणूस ज्याचे सोंग घेतो त्याची सगळी माहिती पाठ करून येतो. स्वतःबद्दल कोणी विचारेल, हे त्याच्या ध्यानात नसते.

"शिकवणी घेते," ती हळूच म्हणाली.

"आता कुठं असेल?"

"घरीच."

"चला तर मग, तिलाच भेटू."

तिचे घर गांधीबागेच्या मागच्या गल्लीत होते. वडील कापडाच्या दुकानात नोकरीला. लग्नसराई असल्यामुळे रविवारीही दुकानात गेलेले. दार एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने उघडले. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. ती बहिणीला म्हणाली, "ताई, झाला काय वं पेपर पूर्ण?"

फोनवरचा आवाज मी ओळखला. पुढे शोधण्यासारखे काही राहिले नव्हते.

"झाला," थोरली म्हणाली आणि उंबऱ्यातच खाली बसली.

जबाब वेगवेगळे घेतले. थोरलीने काही लपवले नाही. काही वर्षांपूर्वी तिने हीच परीक्षा दिली होती. फिजिक्सच्या एका गणितावर ती हट्टाने अडून बसली आणि घंटा झाली तेव्हा तोंडपाठ असलेला जीवशास्त्राचा सगळा भाग कोरा राहिला. पुन्हा बसायचे ठरले तेव्हा आई आजारी पडली आणि घर तिच्या अंगावर आले. मग तिने धाकटीला तयार करायला घेतले. समोर गजराचे घड्याळ ठेवून रोज सराव. ताईसमोर धाकटीला सगळे येई. परीक्षेच्या खोलीत बसली की तिचे हात गार पडत. शेवटी तिने सांगितले, मी बसत नाही. थोरली म्हणाली, "मग मी बसते."

धाकटीला मी विचारले, "फोन तूच केलास ना?"

"हो जी. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून."

"काहून?"

"ताई पास झालीच असती, साहेब. मग मले तिथं जावं लागलं असतं. मले डॉक्टर व्हायचंच नव्हतं. घरात सांगितलं तर सारे म्हणत, भीती आहे, निघून जाईल."

"तिला सरळ अडवायचं होतंस."

"अडवलं ना जी. ती म्हणे, तू फक्त घरी बसून राह्य, बाकी मी पाहते."

"आणि पेपर पूर्ण लिहू द्या, असं का सांगितलंस?"

ती रडायला लागली. "मागच्या वेळी अर्धा राहिला होता तिचा. अजूनही झोपेत बडबडते."

दुकानातून वडिलांना बोलावून घेतले. ते खुर्चीवर बसायलाही तयार होईनात. "साहेब, दोघी माह्याच पोरी," एवढेच म्हणत राहिले.

केंद्रप्रमुखांच्या फिर्यादीवरून थोरलीवर आणि स्वतःचे नाव वापरू दिले म्हणून धाकटीवरही तोतयेगिरीचा गुन्हा दाखल झाला. खबर देणाऱ्याचे नाव उघड न करण्याची मुभा कायदा पोलिसांना देतो. ती मी वापरली. न्यायालयाने दोघींचे वय आणि मागची वागणूक पाहून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले. संस्थेने दोघींवर कायमची बंदी घातली. गल्लीत बोभाटा झाला आणि थोरलीच्या शिकवणीला मुले येईनाशी झाली.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात ती माझ्याजवळ आली. "साहेब, तो पेपर तपासला असता तर मी पास झाली असती काय?"

"रद्द झालेला पेपर तपासत नाहीत."

"हो जी," ती म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली. एवढ्या वर्षांत किती आरोपींनी मला शिव्या दिल्या असतील, पण इतके थकून मी कोणत्याच कोर्टातून घरी आलो नाही.

बऱ्याच वर्षांनी बदली होऊन पुन्हा नागपुरात आलो. सदरमध्ये एका दुकानात कोणीतरी नमस्कार केला. थोरली होती. केस पांढरे व्हायला लागले होते. एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवत होती. धाकटी लग्न करून उमरेडकडे गेली, दोन मुले आहेत, खुशाल आहे, असे तिने सांगितले. मग जरा थांबून म्हणाली, "फोन तिनंच केला होता, हे मले त्याच दिवशी समजलं. दारात तिचं तोंड पाहूनच."

मी हातातले सामान खाली ठेवले.

"तिले अजून वाटते, मले माहीत नाही."

"तुम्ही कधी विचारलं नाही?"

"काय विचारू, साहेब? तिनं घरात सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही. मग ऐकणारं दुसरं कोण होतं? तुम्हीच."

तिने पिशवी उचलली, पुन्हा नमस्कार केला आणि गर्दीत निघून गेली.

पोलिसांकडे माणूस राग घेऊन येतो, भीती घेऊन येतो, असे आम्हाला प्रशिक्षणात सांगितले होते. ते खोटे नाही. पण कित्येकदा घरात कोणी ऐकले नाही, एवढ्याच कारणाने माणूस आमच्याकडे येतो. त्यानंतर निनावी फोन आला की मी आधी आवाज ऐकून घेत असे, नाव नंतर विचारत असे. तपासात याचा फायदा झालाच, असे म्हणणार नाही. बहुतेक वेळा आम्ही पोहोचेपर्यंत उशीर झालेला असायचा.