न प्यालेल्या दारूची बदनामी

थेंबभरही दारू न पिता अख्ख्या मराठवाड्यातला नामांकित दारुडा होण्याचा मान निःसंशय माझ्या अविवाहित काकांकडे जातो. ताक जरा आंबट लागले तरी पेला खाली ठेवणारे हे गृहस्थ व्यसनमुक्तीच्या व्यासपीठावर चढले की असे झोकांडतात, की पहिल्या रांगेतले प्राचार्य पाय आत ओढून घेतात. त्यांच्या भाषणातले पडणेही वर्षागणिक प्रगत होत गेले आहे. आरंभी ते साध्या गटारात पडत. पुढे धर्माबादच्या मिरचीच्या ढिगात पडू लागले. अलीकडे तर थेट नवरदेवाच्या घोड्यापुढे. आमच्या चाकूरच्या एका गाववाल्याने त्यांना एकदा गाठलेच. "काय हो, तुम्ही तर कधी सुपारीबी खाल्ली न्हाई!" काका शांतपणे म्हणाले, "कोरड्या माणसाचं कोण ऐकून राहिलंय? पोरांना पडलेला माणूस लागतो."

मी औषधशास्त्राची संशोधक. बनावट पुरावा मला खपत नाही. तसे मी त्यांना सुनावलेही. तेव्हा ते आवाज खाली आणून म्हणाले, "घटना समद्या खऱ्या हायत, माय. मिरच्या अन् घोडा तेवढा माझ्या पदरचा. अन् माणूस बदलला." मूळचा माणूस म्हणजे माझे वडील. मुदखेडला शिक्षक असतानाचे त्यांचे ते पिण्याचे दिवस चाकूरला कोणालाच ठाऊक नाहीत. तिथे ते मृत्यूनंतरही 'गुरुजी'च आहेत. दारुडे ठरले आहेत ते काका.

गेल्या महिन्यात नांदेडच्या एका महाविद्यालयाने आम्हा दोघांना एकाच कार्यक्रमाला बोलावले. माझी यकृताची चित्रे पाहून मुलांनी जांभया दिल्या. मग काका उठले, झोकांडले, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरीचा नाच चालू असताना बाप रंगमंचावर कसा चढला, ते सांगू लागले. तो नाच माझा होता. हसणारी मुले हळूहळू पुढे सरकून ऐकू लागली. माझी मान वर होईना.

मागून एका मुलाने विचारले, "सर, ती पोरगी आता काय करती?"

काकांनी सगळीकडे पाहिले, फक्त माझ्याकडे नाही. "शिकून लई मोठी झाली. पण कुठं भेटलीच तर ह्यातलं काही बोलू नका, बाबांनो. तिला लाज वाटती."

टाळ्यांच्या गजरात उतरताना त्यांची शेवटची पायरी खरोखरच चुकली. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"हीच का हो ती?" कोणीतरी विचारले.

"न्हाई रे," काका घाईने म्हणाले, "ह्या मोठ्या मॅडम हायत."

आणि तेवढा बनावट पुरावा मी निमूटपणे खपवून घेतला. हात मात्र त्यांनीच हळूच सोडवून घेतला.