डावा कान की डावा इअरफोन

रविवारी दुपारी जेवणं झाली, वडील आतल्या खोलीत आडवे झाले आणि मी टेबलावर नवा ॲम्प्लिफायर मांडून बसले. तळहातापेक्षा जरासा मोठा, काळा डबा. फोनमधून ऐकताना बासरीचा आवाज पातळ वाटायचा, तो भरीव व्हावा म्हणून घेतला होता. इअरफोन जुनेच, वायरचे, तीन वर्षं जपून वापरलेले.

डब्याच्या मागे एक छोटा खटका होता, आवाजाची ताकद कमी-जास्त करण्याचा. तो जास्तीवरच होता, हे मी नंतर पाहिलं. फोन जोडला, पिन घातली, इअरफोन कानात दाबून बसवले आणि मग डबा चालू केला. आधी चालू करून मग कानात घालायचे, एवढी साधी गोष्ट मला त्या उत्साहात सुचली नाही.

डाव्या कानात फट् झालं. कुणीतरी कानाच्या आत चापट मारावी तसं. मी झटक्यात वायर ओढली. थोड्या वेळाने, आवाज अगदी कमी करून, पुन्हा ऐकून पाहिलं. उजवीकडे बासरी होती. डावीकडे तीच बासरी भिंतीपलीकडून यावी तशी, बारीक आणि दबलेली. इअरफोन काढले तरी डाव्या कानात एक सुंईं चालूच राहिली.

मी चाकणच्या एका कंपनीत गिअरबॉक्सच्या शेवटच्या तपासणीत काम करते. जोडून आलेला प्रत्येक बॉक्स एका बंद खोलीत फिरवून बघतात. मीटर असतो, पण काही दोष मीटरला सापडत नाहीत. दात्याला केसाएवढा ओरखडा असला तर एका ठराविक वेगाला बारीक शीळ येते, आणि ती माणसालाच ऐकावी लागते. त्या खोलीत बसून ऐकायचं आणि पास की होल्ड ते लिहायचं, हे माझं काम. अकरा वर्षं मी तेच करतेय.

आणि माझे वडील बहिरे आहेत. बीड जिल्ह्यातून ते तरुणपणी भोसरीत आले आणि पॉवर प्रेसवर लागले. दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या मशीनसमोर, कानात कापसाचा बोळाही नाही. पन्नाशीच्या आत दोन्ही कान गेले. माझं सगळं लहानपण ओरडून बोलण्यात गेलं. आई शेवटी आजारी असताना हळू बोलायची, आणि तिचं बोलणं त्यांना माझ्याकडून समजून घ्यावं लागायचं. आता ते दोन्ही कानांना मशीन लावतात. आई गेल्यापासून थेरगावच्या या घरात आम्ही दोघंच असतो.

म्हणून त्या दुपारी माझ्या मनात आधी कान आला, इअरफोन नंतर.

मी कामाला लागले. बिघाड शोधायची सवय आहे मला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी ॲम्प्लिफायर बाजूला केला आणि इअरफोन थेट फोनला जोडले. डावीकडे आवाज दबलेलाच. मग इअरफोनच्या तोंडावरची जाळी पुसली, रबरी टोपी बदलली. तेच. वायर इअरफोनपासून सुटी करता यायची, म्हणून डावीकडची तार उजव्याला आणि उजवीकडची डाव्याला लावली. दबलेला आवाज डावीकडेच राहिला, म्हणजे वायर चांगली होती.

आता दोनच गोष्टी उरल्या होत्या: डावा इअरफोन आणि डावा कान. त्यांतलं काय बिघडलंय हे कळायला एक मिनिट पुरलं असतं. डावा इअरफोन उजव्या कानात घालायचा, उजवा डाव्यात.

मी ते केलं नाही. इअरफोन डबीत ठेवले, डबी कपाटात ठेवली आणि वडिलांसाठी चहा टाकला. चहा उकळताना मी डाव्या बाजूने भांड्याकडे कान केला, मग उजव्या बाजूने. फरक वाटला. मग वाटलं, आपल्याला फरक वाटायलाच हवा आहे म्हणून वाटतोय.

सोमवारी सकाळची शिफ्ट. डांगे चौकातून बस पकडली. बसमध्ये शेजारची बाई डाव्या बाजूने काहीतरी बोलली आणि मी नुसती मान हलवली. वडील अनोळखी माणसासमोर हलवतात, अगदी तशीच.

तपासणीच्या खोलीत दार लावून बसले तेव्हा कानातली सुंईं आणखी स्पष्ट झाली. पहिला बॉक्स फिरला. शीळ होती का? मी तो पुन्हा फिरवला. बॉक्समधली शीळ आणि कानातली सुंईं मला वेगळ्या काढता येईनात. होल्ड लिहिलं. दुसऱ्यालाही होल्ड. तासाभराने शिफ्ट इन्चार्ज दार उघडून आत आले.

"मॅडम, सात बॉक्स होल्डवर? लॉट खराब आलाय का?"

"बघते मी परत," मी म्हटलं.

"तब्येत बरी आहे ना?"

"हो, बरी आहे."

त्यानंतर मी पास लिहीत गेले. खरंच शीळ नव्हती म्हणून लिहिलं की ते पुन्हा येतील या धास्तीने, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. शिफ्ट संपेपर्यंत चाळीसच्या आसपास बॉक्स माझ्या सहीने पुढे गेले होते. परतीच्या बसमध्ये मी तेच मोजत होते. एखादा कुणाच्या तरी गाडीत बसेल, घाटात चालेल.

घरी आले तर वडील टेबलापाशी ॲम्प्लिफायर उलटासुलटा करून बघत होते. त्यांच्याशी बोलायचं तर समोर बसून, तोंड दिसेल असं बोलावं लागतं.

"हे बंद का ठेवलंस?" त्यांनी विचारलं.

"डावा इअरफोन बिघडला."

"इअरफोनच बिघडला ना?"

मी डबा त्यांच्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कालपासून बघायलोय मी. टीव्ही ऐकताना मान वाकडी करायलीस."

मग मी सगळं सांगितलं. फट् झालेलं, सुंईं, सात होल्ड, नंतरचे पास. बोलताना माझा आवाज चढत गेला आणि मला कळेना की तो त्यांच्यासाठी चढतोय की माझ्यासाठी.

त्यांनी आपल्या डाव्या कानातलं मशीन काढून हातावर ठेवलं. "हे बंद पडलं की मी काय करतो? दुसऱ्या कानाला लावून बघतो. मशीन गेलं का कान, लगेच कळतं. तुला हे माहीत नाही का?"

"माहीत आहे."

"मग?"

"भीती वाटते, बाबा."

त्यांनी हातावरचं मशीन उलटं करून बघितलं. मग म्हणाले, "मला पण कळालं होतं. कान पार जायच्या दोन वर्षं आधी. साहेबाला सांगितलं तर प्रेसवरून काढतील, म्हणून बोललो नाही. तुझ्या आईला पण नाही. ती दोन वर्षं मी त्याच मशीनपुढं उभा राहिलो." मशीन पुन्हा कानात घालत ते म्हणाले, "आण ती डबी."

मी आणली. डावा इअरफोन उजव्या कानात घातला. बासरी दबलेलीच, भिंतीपलीकडची. इअरफोन गेला होता. माझ्या तोंडून सुस्कारा निघाला आणि वडील ओझरतं हसले. मग उजवा इअरफोन डाव्या कानात घातला. बासरी आली, चांगली मोठी आली. पण वरच्या पट्टीत, जिथे तिला धार असते, तिथे ती मऊ लागत होती. मी पुन्हा पुन्हा ऐकलं. वडिलांना खोटं सांगावंसं वाटलं.

"दोन्ही," मी म्हटलं. "इअरफोन पूर्ण. कान थोडा."

"उद्या डॉक्टरकडं जाऊ," ते म्हणाले. "मी येतो."

मंगळवारी सकाळी आधी मी इन्चार्जना फोन केला. कालचे माझे सगळे बॉक्स थांबवा, मला डाव्या कानाने नीट ऐकू येत नाहीये, असं सरळ सांगितलं. पलीकडे त्यांनी कुणाला तरी कालचे बॉक्स कुठे आहेत ते विचारलं. मग ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. अजून गोडाउनलाच आहेत."

चिंचवडच्या दवाखान्यात एका छोट्या बंद खोलीत बसवलं. कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. उजवीकडे मी भराभर दाबत गेले. डावीकडे मधेच मोठा गॅप आला. आवाज चालू असणार आणि आपल्याला येत नाहीये, हे मला कळत होतं. काचेपलीकडे तपासणारी बाई मान खाली घालून लिहीत होती. तिच्या पेनाकडे बघत मी कानाला ताण देत राहिले. एकदा आवाज नसतानाही बटण दाबलं. तिने वर बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.

डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. डाव्या कानाची रेघ बारीक आवाजांच्या बाजूला खाली गेली होती. "यातलं काही परवाच्या धक्क्याचं आहे," ते म्हणाले. "ते पुष्कळसं परत येईल. पण काही जुनं दिसतंय. कारखान्यात असता का?"

"मी तर बंद खोलीत बसते."

"त्या खोलीपर्यंत चालत जाता ना?"

रोज दोनदा, प्रेसच्या लाइनजवळून, अकरा वर्षं. जेवायला जाताना वेगळं. कंपनीने दिलेले कानात घालायचे बोळे माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होते.

गोळ्या दिल्या, मोठ्या आवाजापासून लांब राहायला सांगितलं, पंधरा दिवसांनी परत बोलावलं. घरी आल्यावर वडिलांनी कपाटातून आपली जुनी फाइल काढली आणि त्यांचा आलेख माझ्या आलेखाशेजारी ठेवला. त्यांच्या दोन्ही रेघा पार तळाला गेलेल्या. दोन्ही आलेखांवर बोट फिरवत ते बघत राहिले. "तुझी वर आहे अजून," ते म्हणाले आणि फाइल बंद केली.

थांबवलेले बॉक्स दुसऱ्या शिफ्टच्या माणसाने ऐकले. मी पास केलेल्यांतल्या एकात शीळ सापडली. इन्चार्जनी ते मला फोनवरच सांगितलं, रागवले नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं असं मला वाटलं. दोन आठवडे मी कागदपत्रांच्या टेबलावर होते. दुसऱ्या तपासणीत रेघ बरीच वर आली होती, सुंईं थांबली होती, रेघेतला जुना खड्डा मात्र तसाच होता. आता माझ्या संशयाच्या बॉक्सवर दुसऱ्या माणसाचीही सही लागते. आधी ते मनाला लागलं, आता बरं वाटतं.

डॉक्टर म्हणतात, दर सहा महिन्यांनी बघायचं. तारीख जवळ आली की मला झोपेतून जाग येते आणि मी खोलीतले आवाज एकेक करून शोधत बसते: पंखा, नळ, रस्त्यावरची रिक्षा, पलीकडच्या खोलीतलं वडिलांचं घोरणं. सगळे सापडले तरी मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.