पगार न वाढलेला माणूस

आमच्या सिंधीपुऱ्यात सदाशिव बाविस्करांना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. ती सोय त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. गणपतीच्या बॅनरवर त्यांचं नाव, भागवत सप्ताहाच्या पत्रिकेवर नाव, स्मशानातल्या सिमेंटच्या बाकड्यावरसुद्धा नाव. एवढं दान करणारा माणूस कोणी व्यापारी असेल असं परक्याला वाटतं. सदाशिवभाऊ कागदाच्या मिलमध्ये मशीनवर आहेत. वडील रावेरकडून येऊन तिथे लागले होते, त्यांच्या मागे हे लागले.

घरात मात्र या कर्णाचा पगार चौदा वर्षांत कधी वाढलाच नाही. बायकोच्या, सिंधूच्या हातावर ते दरमहा ठरलेली रक्कम ठेवत आणि वर म्हणत, "तेवढंच आहे. मिलची हालत तुले काय मालूम?" तेल महागलं, गॅस महागला, पोरगी स्नेहल शाळेतून कॉलेजात गेली, पण रक्कम तीच. सिंधू बिचारी मिलला शिव्या देई आणि साड्यांना फॉल-पिको करून वरचा खर्च भागवी. दुपारभर ती मशीन चालवायची आणि संध्याकाळी हे गृहस्थ शनवाऱ्याच्या बाजारात चारचौघांना मावा जिलबी खाऊ घालायचे.

त्यांचं यामागे तत्त्वज्ञान होतं. बाईला कमाई कळली की बाई डोक्यावर बसते, हे ते मिलच्या बसमध्ये मोठ्या आवाजात सांगत. त्याच बसमध्ये चंदन नावाचा त्यांच्याच पगाराचा एक शेजारी असे. तो पै न पै घरी सांगतो म्हणून भाऊ त्याला 'बायकोचा मुनीम' म्हणत. चंदन हसून खिडकीबाहेर बघायचा.

स्नेहलला जळगावला फार्मसीला प्रवेश मिळाला तेव्हा भाऊंनी चेहरा पाडला. "कुठून आणू? तनखा वाढली असती तं गोष्ट वेगळी." सिंधूने दोन दिवस विचार केला आणि माहेरच्या पाटल्या मोडल्या. सराफाकडे भाऊ स्वतः तिच्यासोबत गेले. वजन नीट करा म्हणून त्यांनी सराफाला दटावलंसुद्धा.

आठवडाभराने चंदनची बायको लीला साडी घेऊन फॉल लावायला आली. सिंधूचे मोकळे हात बघून ती दारातच थांबली.

"ताई, पाटल्या कुठी गेल्या वं?"

"पोरीच्या फीसले मोडल्या."

"आन् एरियर? आमचा कूलर त्याच्यातच तं घेतला उन्हाळ्यात. भाऊले बी आलेच असतील ना! पगार बी वाढला."

सिंधूने चालती मशीन थांबवली. लीलाला आपण काय बोलून बसलो ते कळलं, पण तिने शब्द मागे घेतले नाहीत. ती आत येऊन बसली.

त्या रात्री सिंधूने नवऱ्याला विचारलं. भाऊ जेवत होते. "तुले खायले कमी पडते का?" एवढं म्हणून त्यांनी वरण मागितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिंधू लीलाकडे गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने कोणाजवळ पैशाचं बोलणं काढलं. लीलाने नवऱ्याचा पगार सांगितला, काय कापून जातं ते सांगितलं, बँकेत किती आहे तेही सांगून टाकलं. मग सिंधूने आपलं सांगितलं. फॉल-पिकोचे किती येतात, किराणा दुकानात किती उधारी साचली आहे, त्या दुकानदाराला टाळायला ती मागच्या गल्लीने कशी जाते, सगळं. सांगताना ती रडली.

"कोनाले सांगू नको वं," ती म्हणाली.

"मी कायले सांगू? पन तू सांग. लाज तुले नाही, त्याह्यले पाहिजे," लीला म्हणाली.

गणपतीच्या चंद्यासाठी मंडळाचे लोक आले. भाऊ खुर्चीत रेलून म्हणाले, "यंदा एकवीस हजार लिही रे." सिंधू चहा घेऊन आली होती. तिने ट्रे खाली ठेवला.

"थांबा दादा, लिहू नका. याह्यच्या हातात महिन्याले बत्तीस हजार येतात. घरात मले अकरा देतात. मी पाटल्या मोडून पोरीची फीस भरली आन् किराण्याची उधारी अजून बाकी हाये. एरियरचे कुठी गेले ते मले मालूम नाही, तुमाले मालूम असन तं सांगा. आता लिहा, किती लिहाचे ते."

कोणी चहाला हात लावला नाही. मंडळाचा अध्यक्ष नंतर येतो म्हणाला, आणि सगळे चपला शोधू लागले. त्यांनी सदाशिवभाऊंच्या जिलब्या कित्येकदा खाल्ल्या होत्या, पण त्यांची बाजू घ्यायला एकही जण थांबला नाही.

भाऊ महिनाभर घरात बोलले नाहीत. घराची इज्जत बाईने चव्हाट्यावर मांडली, असं ते बाहेर सांगत फिरले. पण किराण्याची उधारी त्यांनी फेडली आणि फीचा पुढचा हप्ताही भरला. पाटल्या काही परत आल्या नाहीत. आता पगार झाला की ते सिंधूला आकडा सांगतात, तोही असा की जणू किडनी काढून देताहेत. सिंधू तो आकडा जळगावला फोन करून स्नेहलला सांगते. "तुले बी ठाऊक पाहिजे," म्हणते.

सिंधूच्या मते नवरा वाईट नाही, नासमज आहे. मला तसं वाटत नाही. चौदा वर्षं रोज संध्याकाळी नासमज राहायला बरीच समज लागते.

या दिवाळीच्या आधी भाऊंनी मिशीवर हात फिरवत तिला विचारलं, "तुझे फॉल-पिकोचे किती झाले यंदा?" ती लपवेल याची त्यांना खात्री होती. मशीन न थांबवता सिंधूने सगळा आकडा सांगितला, एक रुपया इकडेतिकडे न करता. भाऊंना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये ते चंदनच्या शेजारी जाऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "लीलाले विचार ना जरा, खरंच एवढेच मिळतात का आमच्या सिंधूले?"