मालकाची परवानगी

गावभरच्या लोकांची दारं-खिडक्या बसवून देणाऱ्या सुताराला स्वतःच्या बिऱ्हाडात एक खिळा ठोकायची चोरी होती. भाड्याच्या दोन खोल्या, घरमालकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "भिंतीला हात लावायचा नाही." मुलींची दप्तरं, बायकोची पर्स, त्याचा शर्ट, सगळं एका खुर्चीच्या पाठीवर. त्या खुर्चीत कुणाला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

गंमत म्हणजे सुतार स्वतःही घरमालकच होता. तीन वर्षांपूर्वी आईवडिलांनी राहतं घर विकायला काढलं, तेव्हा ते परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून त्यानेच रीतसर विकत घेतलं. सही करताना वडील म्हणाले, "आम्ही आहोत तोवर इथेच राहणार हं." हा हो म्हणून बसला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! त्या घरात राहायला जायचं म्हणजे कशाची वाट बघायची, हे मनात आलं की त्याला स्वतःचीच किळस यायची.

त्यात भाड्याची जागा महिनाअखेर रिकामी करायचा निरोप आला. बायको म्हणाली, "तुमच्या घरात दोन खोल्या आहेत. एक मागा. सासूबाईंचं नि माझं मी बघून घेईन."

रविवारी सकाळी तो वाक्य घोकत गेला: बाबा, पुढची खोली आम्हाला द्या.

"या मालक!" वडिलांनी दार उघडलं. खरेदी झाल्यापासून हीच हाक. थट्टा की टोमणा, त्याला कधी कळलं नाही. आत घड्याळ भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलेलं. शेजारी हातोडी आणि खिळा.

"पंधरा दिवस झाले," आई म्हणाली. "जुना खिळा निघून आला. म्हटलं, नवा ठोका. तर हे म्हणतात, भिंत त्याची, विचारल्याशिवाय नाही."

"बाबा, मला काय विचारायचं त्यात?"

"विचारायला नको? उद्या म्हणशील, भिंत खराब केली."

वडील हसत होते, पण नजर त्याच्या तोंडावर खिळलेली. ती नजर त्याच्या ओळखीची होती. आपल्या घरमालकासमोर तो स्वतः अशीच घेऊन उभा राहायचा.

त्याने हातोडी उचलली. तीन घावांत खिळा बसवला, घड्याळ टांगलं.

"काही बोलायला आला होतास का रे?" आईने विचारलं.

"नाही गं. सहजच."

कोपऱ्यावर येऊन त्याने एजंटला फोन लावला. "दोन खोल्या बघा, भाड्याच्या. आणि मालकाला सांगा, भाडेकरू सुतार आहे, पण खिळा ठोकणार नाही."