पट्टा घरीच राहिला

लोणखेड्याच्या हेमकांतच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. काही वर्षांपूर्वी तो शहाद्याच्या एका वखारीत लाकूड कापायला जायचा. तिथल्या उघड्या पात्याने एका दुपारी ती नेली. त्या दिवशी बायकोने, मोहिनीने, फर्मान काढलं: फिरणारं पातं या उंबऱ्याच्या आत येणार नाही. आणि मोहिनीचं फर्मान म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पण लाकडाचा नाद असा सुटतो होय? हेमकांत घरीच पाट, चौरंग, पाळणे करू लागला. अर्ध्या बोटांना हातरंधा पेलत नव्हता, संध्याकाळी मनगट सुजायचं. मोहिनी तेल चोळायची आणि शिव्याही घालायची. शेवटी तीच विरघळली, घरात मशीन येऊ द्यायला तयार झाली, पण अट घालून.

"बटन मन्हाजोडे ऱ्हाई. मी बठसू, तव्हयच मशीन चाली!"

मग पडवीत कारखाना सुरू झाला. चुलतभावाच्या मोडक्या चाराकुट्टीची मोटर आली. मोहिनीच्या जुन्या शिलाई मशीनचे लोखंडी पाय आले. शाफ्ट आणि बेअरिंगं भंगारातून निघाली. शाफ्ट एकच, त्याच्या एका टोकाला गोल पातं, मध्ये रंध्याचा रूळ, दुसऱ्या टोकाला भोकं पाडायचं ड्रिल. पात्यावर जाड पत्र्याचं झाकण. सगळी सुतारकी एका टेबलाएवढ्या जागेत मावली. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मशीन थरथरत थेट पाण्याच्या माठाकडे निघालं. मोहिनीने बटन बंद केलं म्हणून माठ वाचला. नंतर पाय सिमेंटने जमिनीत गाडले, तेव्हा कुठे ते गुमान एका जागी राहिलं.

बटन तिच्या नव्या शिलाई मशीनशेजारच्या भिंतीत होतं. ती ब्लाऊज शिवायची. एक डोळा सुईवर, एक नवऱ्याच्या हातांवर. कुठे बाहेर जायचं असलं की मोटरचा पट्टा काढून आपल्या ट्रंकेत कुलूपबंद करायची. पट्टा नाही तर मशीन म्हणजे नुसतं लोखंड. गाव हसायचं. हेमकांतही हसायचा, पण जरा ओशाळूनच.

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, माहेरपण खानदेशातली लेक सहसा चुकवत नाही. मोहिनीचा भाऊ धर्मेंद्र सारंगखेड्याहून तिला न्यायला आला तो मोटरसायकलवरून उतरलाच नाही, दारातच हॉर्न वाजवत राहिला. मोहिनी हाताला लागेल ते पिशवीत कोंबून निघाली. माहेरी निंबाला झोका बांधलेला होता. ती बसली, मैत्रिणींनी गाणं धरलं, झोका उंच गेला आणि तिला एकदम आठवलं. पट्टा घरीच राहिला होता, तोही मशीनवर चढवलेला.

त्यात हेमकांतची भाची दामिनी, तिच्या बाळाचं बारसं तोंडावर आलेलं. पाळणा मामाने कबूल केलेला आणि निम्म्या फळ्या रंधायच्या बाकी. हा माणूस काय हातावर हात ठेवून बसणार होता? तिने फोन लावला. तो वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. मशीनच्या आवाजात ऐकू येत नसेल, असं मनात आलं आणि ती तशीच भावाकडे धावली.

"भाऊ, माले घर सोड."

"आते? सांजोऱ्या तं खाई ले!"

"डबामा भर. चाल!"

वाटभर ती देवाला नवस बोलत होती आणि मधूनमधून नवऱ्याला शिव्या घालत होती. चूक आपली आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून शिव्या जरा जास्तच.

दाराशी उतरली तर पडवीतून कसलाच आवाज नाही. मशीनची घरघर ऐकू आली असती तर बरं झालं असतं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. ती धावत आत गेली.

हेमकांत भिंतीला टेकून बसला होता. पुढ्यात पाळण्याची फळी, हातात जुना हातरंधा, भोवती लाकडाच्या कुरळ्या ढलप्यांचा ढीग. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला.

"हात दखाडा," ती म्हणाली.

त्याने निमूट दोन्ही हात पुढे केले. तिने एकेक बोट चाचपून पाहिलं. अर्धी होती ती अर्धी, बाकीची शाबूत. तळव्याला फोड मात्र टरारून आले होते. आणि पट्टा? तो तिच्या शिलाई मशीनवर नीट काढून ठेवलेला.

"मशीन काबर नही चालाडं?"

हेमकांतने मान खाली घातली. "तू घर नव्हती. पट्टा दखा नि माले भेव वाटनं. मीच काढी लिधा."

मोहिनीचा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं ती समजत होती की पात्याची भीती आपल्या एकटीच्याच उरावर आहे. ती मटकन खाली बसली, आधी हसली, मग रडली, मग डबा उघडून एक सांजोरी त्याच्या तोंडात कोंबली आणि फोडांना तेल लावलं. दारातून धर्मेंद्र विचारत होता, परत निघायचं की नाही. तिने त्याला हातानेच थांबायला सांगितलं.

मग पदराने डोळे पुसून ती उठली आणि बटनाजवळच्या आपल्या स्टुलावर जाऊन बसली.

"लावा आते पट्टा," ती म्हणाली.