चौऱ्याण्णवचा बॉल

खजुरीच्या बाहेर आळंद रस्त्याला बसलिंगप्पांची डाळ मिल आहे. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला भुईकाटा, त्याला लागून पत्र्याची खोली आणि खोलीत एक खुर्ची. त्या खुर्चीवर भीमराज चौदा वर्षं बसत आला. तुरीची गाडी काट्यावर चढली की वजन लिहायचं, चिठ्ठी फाडून द्यायची. मिलमधले बाकीचे गडी पन्नास किलोची पोती पाठीवर घेतात, दिवसाला दीडशे खेपा. हा एकटा बसून.

अक्षर चांगलं म्हणून खुर्ची मिळाली नव्हती. आधी तो तिथंच पोती शिवायचा. दाभणात सुतळी ओवायची, पोत्याचं तोंड धरायचं, दोन बोटांनी टाका आवळायचा. चार वर्षं हेच. मग एका उन्हाळ्यात मिलची निर्णा गावच्या संघाशी मॅच झाली. निर्ण्याचा संघ बसलिंगप्पांच्या साडूचा. भीमराजनं पहिल्याच ओव्हरीत मधला स्टंप मोडला. दुसऱ्या दिवशी बसलिंगप्पांनी त्याला काट्यावर बसवलं आणि म्हणाले, "बॉल टाकशील तवर खुर्ची तुझी."

तेव्हा ते बोलणं गोड लागलं होतं.

आता भीमराज छत्तीस वर्षांचा. उजवा खांदा गेलेला. सकाळी शर्टाची बाही बायको, राजश्री, चढवून देते. कलबुर्गीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, हात डोक्याच्या वर नेऊ नका, ओझं तर मुळीच नको. भीमराजनं मान डोलवली आणि घरी आला. बॉल टाकायचा तर हात डोक्याच्या वर न्यावा लागतो. नाही टाकला तर खुर्ची जाते, आणि त्याच खांद्यावर पोतं येतं. डॉक्टरला हे कसं सांगायचं?

यंदा मिलमध्ये सुगत लागला. तेवीस वर्षांचा, ताडासारखा. पोतं पाठीवर घेऊन पळायचा. दुपारपर्यंत सगळ्यांच्या पुढं, दुपारनंतर भिंतीला टेकलेला. बॉलही तसाच टाकायचा, जीव खाऊन. बसलिंगप्पांचा जावई सोमशेखर याच वर्षी बॉलचा वेग मोजायचं मशीन घेऊन आला. सरावाला सुगतचा आकडा आला एकशे सव्वीस. भीमराजचा एकशे एक.

"म्हातारा झालास की रे," बसलिंगप्पा हसत म्हणाले. मग हसणं थांबवून म्हणाले, "मॅचमदी बघू. ज्याचा बॉल चालंल, त्यो काट्यावर. दुसरा पोत्यावर. काय म्हणतोस?"

"व्हय, अप्पा," भीमराज म्हणाला. दुसरं म्हणायला जागा नव्हती.

यंदाची निर्ण्याशी मॅच रविवारी, गावाबाहेरच्या पडीक रानात. खिळे ठोकून काथ्याची चटई अंथरलेली, जड टेनिस बॉल, दहा दहा ओव्हरी. सोमशेखर मशीन घेऊन स्टंपांच्या मागं खुर्ची टाकून बसला आणि प्रत्येक आकडा ओरडून सांगायला लागला. सुगतनं पहिली ओव्हर टाकली. "एकशे अठ्ठावीस!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. भीमराज सीमेवर उभा राहून बघत होता. निर्ण्याच्या पोरांना नुसती बॅट आडवी धरायची होती. बॉल बॅटला लागायचा आणि त्याच वेगानं मागं चौकार जायचा. सुगतनं आणखी जोर लावला. चौकार आणखी लवकर गेला.

सुगतची दुसरी ओव्हर, मॅचमधली नववी, सोळा धावांची पडली. शेवटच्या ओव्हरीत निर्ण्याला नऊ हवे होते. कप्तान अण्णाराव मिलचा मुकादम. त्यानं बॉल भीमराजच्या हातात दिला.

"खांदा हाय का जागेवर?"

"हाय म्हन."

"म्हंतो. टाक."

भीमराजनं पळणं चार पावलांवर आणलं. बॉल दाभण धरतात तसा धरला आणि सोडताना दोन बोटांनी टाका आवळल्यासारखी ओढ दिली.

"अठ्ठ्याण्णव!" सोमशेखर ओरडला. निर्ण्याची माणसं हसली. बॅट आधी फिरली, बॉल नंतर आला, उंच उडाला आणि अण्णारावच्या हातात बसला. दुसऱ्यावर एक धाव. तिसरा चटईला चिकटून आत वळला. "चौऱ्याण्णव!" मधला स्टंप आडवा. आता हसायला कुणी नव्हतं. चौथ्यावर दोन. पाचवा बॅटला चुकवून गेला. टाकताना खांद्यात कळ अशी आली की डोळ्यांपुढं पिवळं झालं. शेवटच्यावर सहा हवे होते. फलंदाजानं जीव खाऊन फिरवली, कड लागली, झेल विकेटकीपरकडं.

गड्यांनी भीमराजला उचलायला धरलं. "खांदा सोडा रे, खांदा!" तो ओरडला.

बसलिंगप्पा मशीनकडं बघत राहिले. "शंभराच्या खाली टाकून तीन काढल्या?"

"मामा, आकडा बॉलचा हाय, विकेटीचा न्हाई," सोमशेखर म्हणाला.

बसलिंगप्पांनी साडूचं उतरलेलं तोंड बघितलं आणि खूश झाले. "खुर्ची भीमराजचीच. पुढल्या वर्षी बी हाच टाकंल. त्याच्या पुढल्या बी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भीमराज डाव्या हातानं उजवा हात धरून उभा होता. हरला असता तर पोतं. जिंकला, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हाच हात डोक्याच्या वर.

सुगत भीमराजच्या जवळ आला. "अण्णा, बोट कसं ठिवलंत?"

"कुठं काय. चटईनं केलं."

खोटं बोलला. चौदा वर्षांत असं खोटं बोलायची वेळ आली नव्हती.

सोमवारी तो काट्यावर बसला. उजव्या हातात पेन धरवेना, चिठ्ठ्या डाव्या हातानं लिहिल्या. समोरून सुगत पोतं घेऊन पळत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं पोतं खाली टाकलं आणि उजवा खांदा डाव्या हातानं धरला. अंगठा बगलेजवळ, चार बोटं वर. भीमराज तसाच धरायचा.

भीमराजनं हे खिडकीतून बघितलं. मग उठला, शिवणीच्या कट्ट्यावर गेला आणि अण्णारावला म्हणाला, "सुगतला पोत्यावरनं काढ. शिवायला बशीव."

"कामून? उचलतोय की चांगलं."

"बशीव म्हंतो न्हवं."

सुगत आला. भीमराजनं त्याच्या हातात दाभण दिलं, सुतळी दोन बोटांत अडकवली आणि एक टाका आवळून दाखवला.

"ह्यो बॉल," तो म्हणाला. "मनगट हलवू नको. बोटंच."

सुगतनं टाका घातला. ढिला पडला.

"किती दिस लागत्याल, अण्णा?"

"बोटाला घट्टा पडंस्तोर. वरीस."

"मंग खुर्ची?"

फाटकावर गाडीनं हॉर्न दिला. भीमराज काट्याकडं वळला.

"टाका बघ आधी," तो म्हणाला. "सुटायलाय."